आत्याबाई गप्प झाल्या तेव्हा

मुलांनो, कल्पना करा, तुम्ही बाबांच्या टॅक्सीत बसला आहात आणि समोर माणूस दिसला रे दिसला, की गाडी टुंग टुंग ओरडते. कडेला कुणी नुसतं उभं असलं तरी ओरडते!

आपल्या गोष्टीतल्या मुलीच्या बाबांना या आवाजाने वात आणला होता. त्यांनी त्याला नावच ठेवलं होतं, आत्याबाई.

"तू जन्मायच्या आधीपासून गाडी चालवतोय मी. आता या आत्याबाई मला शिकवणार!"

"आत्याला सांगेन हं, बाबा!"

"खुशाल सांग. पण आधी हिचं तोंड बंद करा कुणीतरी."

बाबा चाकांत हवा भरायला उतरले, तेव्हा मुलीने स्क्रीनवर बोटं फिरवून आवाज पार घालवून टाकला. बाबा शीळ घालत निघाले. तिला वाटलं, केवढं काम केलं आपण!

शाळेच्या वळणावर उभ्या ट्रकमागून पेपर टाकणारे आजोबा पुढे आले. बाबांनी करकचून ब्रेक दाबला. धक्का हलकाच बसला, पण आजोबा पडले, कोपर सोलवटलं. बाबांनी त्यांना दवाखान्यात नेलं.

"अहो, पडलो मी आणि थरथरताय तुम्ही!" आजोबा म्हणाले.

मुलगी बाबांच्या मागे दडली.

तिथून बाबा तडक गॅरेजमध्ये गेले. टुंग टुंग करणारं ते यंत्र बसवणारी मेकॅनिक ताई कामावर नवीनच होती.

"ऐन वेळी दातखीळ बसली तुझ्या यंत्राची! नावं ठेवतो म्हणून काय झालं, ब्रेकवरचा पाय आत्याबाईंच्याच आवाजाला सरावलाय माझा. बोलव मालकांना. असली माणसं ठेवतात कशाला?"

"दादा, मी नीट तपासून दिलं होतं हो..." ताईचा आवाज कापला.

मालक हात पुसत बाहेर आले. गाडीत बसलेल्या मुलीला वाटलं, गप्प राहिलं तर कुणाला कळणारही नाही. शिवाय बाबांनीच सांगितलं होतं ना? पण ताईचे डोळे भरून आले होते.

मुलीने पट्टा सोडला, धावत जाऊन ताईचा काळा, तेलकट हात धरला आणि मालकांकडे बघून म्हणाली, "ताईला काही बोलू नका. आवाज मी बंद केला होता."