घरच्या तुपाची नानकटाई

पक्षाघातातून उठल्यावर रत्नम्मांच्या उजव्या हाताने पहिले मोठे काम केले ते नानकटाईचे. दिवाळी तोंडावर आली होती. त्यांनी मैदा, पिठीसाखर आणि घरी कढवलेले तूप स्वतः मळले, गोळे स्वतः वळले आणि नवऱ्याने, सिद्धप्पांनी, मदतीला पुढे केलेला हात बाजूला सारला. "माझ्या हाताची झाली पायजे. न्हायतर विकतची हाय की," एवढेच त्या म्हणाल्या.

शुक्रवार पेठेतली जुनी रीत अशी, की घरचे जिन्नस इलाहीबक्षांच्या बेकरीत न्यायचे, भाजणावळ द्यायची आणि आपल्याच तुपाची नानकटाई डब्यात भरून आणायची. सिद्धप्पा परात घेऊन पोहोचले तेव्हा दारावर पाटी होती : यंदापासून घरचे भाजून मिळणार नाही.

बाकावर बसलेले इलाहीबक्ष हसले. "मास्तर, हे तुमच्याच शिकवणीचं फळ की. आता कारभार पोरीचा. मी नुसता चहा पितो."

गल्ल्यावर त्यांची मुलगी मेहनाज होती. महाविद्यालयात सिद्धप्पांनीच तिला अर्थशास्त्र शिकवले होते. अठराव्या शतकातल्या एका स्कॉटिश तत्त्वज्ञाचा विचार ते दरवर्षी त्याच ठाम स्वरात मांडत : पाववाला पाव देतो तो दयेपोटी नव्हे, स्वतःच्या हितापोटी; म्हणून त्याच्यापुढे आपली गरज मांडू नये, त्याचा फायदा मांडावा. मेहनाजने आता शांतपणे कारण सांगितले. घरोघरचे ट्रे वेगळे सांभाळावे लागतात, भट्टी अडून राहते. तेवढ्या वेळात बेकरीचा माल भाजला तर मिळकत कितीतरी अधिक.

सिद्धप्पांना एकच वाक्य बोलायचे होते आणि तेच त्यांच्या तोंडून निघेना. आजारातून उठलेल्या पत्नीने हे स्वतःच्या हाताने वळले, असे सांगितले असते तर काम तत्काळ झाले असते. परंतु ती याचना ठरली असती. त्यांनी फायदा मांडला. भाजून घ्यायला आलेला माणूस रिकामा बसत नाही, खारी घेतो, टोस्ट घेतो, आणि वर्षभर पावही इथूनच नेतो. मेहनाजने मुद्दा मान्य केला आणि लगेच खोडला : लोक नवी पेठेतल्या खरेदीतच तयार डबे उचलतात, बाकावर बसायला सवड कुणाला आहे? सिद्धप्पांनी दुप्पट भाजणावळ देऊ केली. एकाचे घेतले की रांग लागेल, असे ती म्हणाली. तिच्या युक्तिवादात खोट नव्हती, आणि तो आपणच घडवला याचा सिद्धप्पांना क्षणभर अभिमानही वाटला. पण परातीतले तूप उकाड्याने सुटू लागले होते, आणि रत्नम्मा दाराशी खुर्ची घेऊन बसल्या असतील, हे त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते.

ते परात उचलून वळले, तेव्हा वरचे फडके सरकले. मेहनाजची नजर आत गेली. या घरचे गोळे दरवर्षी साच्यातून काढल्यासारखे येत. यंदा एक लिंबाएवढा, एक सुपारीएवढा, आणि प्रत्येक एका बाजूने दबलेला.

"वळले कुणी, सर?"

"हिनेच."

"काकूंचा हात चालतो?"

"चालू लागलाय."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"त्यात तुझा फायदा काय होता?"

मेहनाजने सरकलेले फडके नीट केले. "त्याच स्कॉटिश तत्त्वज्ञाचं आधीचं एक पुस्तक आहे ना, दुसऱ्याचं सुखदुःख आपल्याला का भिडतं यावर? मी वर्गात विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, ते अभ्यासक्रमात नाही."

सिद्धप्पांना तो तास आठवला नाही; उत्तर मात्र आपलेच, हे त्यांनी ओळखले.

"मास्तर," इलाहीबक्षांनी कप खाली ठेवला, "अभ्यासक्रमाबाहेरचं बोलली म्हणून पोरीला नापास करताय की काय आता?"

मेहनाजने परात आत घेतली. भाजणावळ तिने नेहमीच्या दराने पुरती घेतली, पैसाही सोडला नाही, आणि सिद्धप्पांना ते बरे वाटले. भट्टीजवळचा कारागीर सवयीने गोळे सारखे करू लागला, तेव्हा तिने त्याला थांबवले. "हात लावू नका. आहेत तसेच भाजा."

घरी रत्नम्मांनी डबा मांडीवर घेतला. लहान गोळे अंमळ करपले होते, मोठे मधोमध फिके राहिले होते. त्यांनी एकेक नानकटाई उचलून पाहिली.

"माझीच हायत," त्या म्हणाल्या, आणि त्यातली सर्वांत वाकडी सिद्धप्पांच्या हातावर ठेवली.