हळदीच्या दिवसांतला कालखंड

कुरुंदा गावाकडं इतिहासाचा एक नियम आहे, तो पुस्तकात नाही. जो कालखंड फेब्रुवारीत शिकवायला येतो, तो या देशात घडलेलाच नसतो. फेब्रुवारीत हळद शिजते. पोरं शेतात असतात आणि वर्गात बाकं शिकतात.

हरिचंद राठोडला हा नियम नववीतच कळला. तेव्हा उकंडराव इतिहास शिकवायचे. जूनमध्येच हरिचंदनं विचारलं होतं, "सर, आमच्या तांड्याचा धडा कधी?"

"येईल की क्रमानं. इतिहासात मागचं पुढं करता येत न्हाई."

क्रम उकंडरावांनीच लावलेला. बैलांच्या पाठीवरून देशभर मीठ आणि धान्य पोचवणारे हरिचंदचे पूर्वज 'इतर माहिती' या शेवटच्या कालखंडात गेले. तो आला तेव्हा हरिचंद उकंडरावांच्याच शेतात हळदीच्या कढईखाली जाळ घालत होता. परत आला तर फळ्यावर वळणदार अक्षरात एकच शब्द: स्वाध्याय.

याला तेहतीस वर्षं झाली. उकंडराव आता संस्थेचे अध्यक्ष, आणि हरिचंद त्यांच्याच शाळेत इतिहासाचे सर. दोघांचं छान जमायचं, म्हणजे सर बोलत नसत.

मे महिन्यात अध्यक्षांनी सरांना घरी बोलावलं. नववीसाठी देशाच्या इतिहासाची पुस्तिका काढायची होती, गावाच्या इतिहासासकट.

"कालखंड तू पाड. फक्त आमच्या बापाला नीट बसव. निजामाशी लढलेत ते."

लढा चालू असताना अध्यक्षांचे वडील सटवाजीराव तेरा महिने निजामाच्या हद्दीबाहेर, अकोल्याला मेहुण्याकडे मुक्कामी होते, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"त्यांना स्वतंत्र कालखंडच देतो, साहेब. दहा तासिका."

"दहा? अन् मराठेशाहीला?"

"आठ."

"बराबर हाये," अध्यक्ष म्हणाले आणि चहात साखर जास्त टाकायला सांगितली.

सरांनी देशाचे चार तुकडे केले. राजे-बादशहा जुलैपर्यंत उरकले. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत बैलांचा काळ: मीठ कुणी आणलं, फौजांना धान्य कुणी पुरवलं, आगगाडी आल्यावर त्यांचं काय झालं. वर्ग गच्च. पाटलांची पोरंही तांड्यांच्या वाटा नकाशावर बोट ठेवून सांगू लागली. मग इंग्रज आले, गेले. सटवाजीराव काळ दहा फेब्रुवारीला सुरू झाला.

अध्यक्षांनी तालुक्याहून विस्तार अधिकारी साधना मॅडमना पाठ बघायला आणलं. सोबत हार, नारळ आणि बापाचा फोटो.

वर्गात तीन पोरं होती. त्यातलं एक झोपलेलं.

"बाकीचे?" मॅडमनी विचारलं.

"हळदीवर," सर म्हणाले.

"कोणाच्या हळदीवर?" अध्यक्ष कडाडले. "नाव सांग! त्याला सरळ करतो!"

"तुमच्याच, साहेब. परवा मुकादमानं टेम्पो पाठवला होता. सगळी नववी बसून गेली."

मॅडमनी हजेरीत तीनचा आकडा लिहिला आणि त्याला गोल केला. फोटो कुठं ठेवावा ते कुणाला कळेना, म्हणून तो झोपलेल्या पोराच्या बाकावर ठेवला.

मॅडमची गाडी गेल्यावर अध्यक्षांनी सरांना वर्गातच गाठलं. "तू काय करून राहिलास हे? पुढच्या साली आमच्या बापाला जूनमधी घे!"

"इतिहासात मागचं पुढं करता येत न्हाई, सर."

तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच हरिचंद उकंडरावांना 'सर' म्हणाले. मग वळून त्यांनी फळ्यावर लिहिलं: स्वाध्याय. अक्षर मुद्दाम वळणदार काढलं.

उकंडरावांनी ते वाचलं. त्यांना जुनं सगळं आठवलं आणि ते खजील झाले, असं लिहायला मला आवडलं असतं. त्यांना काही म्हणजे काही आठवलं नाही. "अक्षर छान हाये तुझं," ते चिडून म्हणाले आणि फोटो उचलून निघून गेले.

सरांना खरा राग तेव्हा आला. पुढच्या वर्षाचं नियोजन त्यांनी त्याच दुपारी लिहून टाकलं. सटवाजीरावांना पंधरा तासिका दिल्या. सगळ्या फेब्रुवारीत.