क्रूझरचं उद्घाटन

अठ्ठावन्न सालच्या दिवाळीत आमच्या मंडळाकडे नवी बोट आली. बोट म्हणजे खोकं. वरच्या चित्रात धूर, लाटा आणि तोफा. आत प्लॅस्टिकचे शंभरेक सुटे भाग. ते चिकटवले की हातभर लांबीची लढाऊ क्रूझर तयार होते. विलायतेत ती त्याच वर्षी बाजारात आली होती. आमचे अध्यक्ष चिंतामणी पाठारे यांच्या मेव्हण्याने ती लंडनहून आणली आणि पाठाऱ्यांनी मंडळाला दिली.

मंडळाचं नाव 'गिरगाव लघुयुद्धनौका व रणगाडा मंडळ'. नावात युद्ध असल्यामुळे छप्पन साली एक साध्या वेषातला पोलीस दोन बैठकांना येऊन बसला होता. तिसऱ्या बैठकीला तो आला नाही. आमच्या बैठका तशाच असत.

मी चिटणीस. सभासद अकरा, सगळे पदवीधर. प्रत्यक्ष जोडकाम येणारा माणूस एकच, लहू तांबे, आणि तो सभासद नव्हता. नायगावच्या बीडीडी चाळीत राहायचा, गोदीत जहाजांच्या पत्र्यांना रिबिटं ठोकायचा. आमचे दोन रणगाडे आणि पाणबुडी त्यानेच उभी केली होती. आम्ही त्याला 'आपला कारागीर' म्हणत असू आणि हे कौतुकाने म्हणतो अशी आमची समजूत होती.

खोक्यावरचं चित्र त्याने डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"साहेब, ही माझी बोट. लढाईत मार खाऊन गोदीत आली होती. चार महिने मी हिच्या पोटात होतो." मग खाली ठेवून म्हणाला, "आजच नेऊ का? डोळ्यांत काचबिंदू निघालाय. डॉक्टर म्हणतात, बारीक काम फार तर वर्षभर."

"नेशील रे," मी म्हणालो. "आधी उद्घाटन होऊ दे."

गिरगावात उद्घाटनाशिवाय काही उघडत नाही. आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरचा नळसुद्धा नारळ फोडून सुरू झाला. तेव्हा ठराव झाला: खोकं संयुक्त महाराष्ट्र समितीचे आमच्या वॉर्डातले पुढारी अण्णा यांच्या शुभहस्ते उघडावं. तोवर ते कपाटात. कपाटाला कुलूप.

अण्णा सीमेवर सत्याग्रहाला गेले आणि तिकडेच तुरुंगात पडले. लहू दर रविवारी यायचा.

"झाली का सुटका?"

"अण्णांची?"

"बोटीची."

तीन महिन्यांनी अण्णा सुटले. सत्कारात त्यांनी मूठ उगारून सांगितलं, "संयुक्त महाराष्ट्र झाल्याशिवाय मी एकही फीत कापणार नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मी वाजवल्या, लहूनेही वाजवल्या. त्याच्या पाठीवर छप्पन सालच्या मोर्चातल्या लाठीचा वण होता. आमच्यापैकी कुणाच्याच नव्हता.

आता महाराष्ट्राआधी खोकं उघडा असं कोण म्हणणार? पुढच्या रविवारी पाठारेच म्हणाले, "अरे लहू, सगळा महाराष्ट्र थांबलाय. तुझी बोट थांबू शकत नाही?"

"महाराष्ट्राला काचबिंदू नाही, साहेब."

सगळे हसले. मीही हसलो. वाक्य चांगलं होतं.

महाराष्ट्र साठ सालच्या एक मे रोजी झाला. आमचं उद्घाटन पुढच्या रविवारी. फीत, हार, तीन भाषणं. अण्णांनी खोकं उघडलं आणि लगेच दुसऱ्या उद्घाटनाला गेले. बोट जोडण्याचं काम लहूकडे सोपवावं, असा ठराव टाळ्यांच्या गजरात पास झाला.

लहू जिना चढून आला तो बायकोच्या, रखमाच्या, खांद्यावर हात ठेवून. खुर्चीत बसला. एकेक भाग बोटांनी चाचपू लागला. "ही मागची तोफ. हा नांगर." मग काडीएवढं काहीतरी हाताला लागलं. त्याने ते उजेडात धरलं, फिरवलं, पुन्हा धरलं.

"हे काय, तुम्हीच सांगा."

मी खोक्यातला जोडणीचा नकाशा पाहिला. "शिडी."

"होती. तिच्याखाली बसून आम्ही डबा खायचो." त्याने शिडी जपून खोक्यात ठेवली. जोडायच्या गोंदाची नळी चेपून पाहिली. ती दगड झाली होती.

"गोंद काय, नवा आणू!" पाठारे म्हणाले.

लहू माझ्या मघाच्या आवाजाच्या दिशेने वळला. "साहेब, कपाटाची चावी कुणाकडे होती?"

"माझ्याकडे."

"कायम?"

"कायम."

"मला वाटायचं, अण्णांकडे असेल," तो म्हणाला. "नाहीतर एखाद्या रविवारी तुमच्याकडेच मागितली असती. तुम्ही दिली असती."

रखमा त्याला एकेक पायरी सांगत खाली घेऊन गेली.

त्या दिवशीच्या इतिवृत्तात मी लिहिलं: 'बोट जोडण्याचे काम श्री. लहू तांबे यांच्याकडे एकमताने सोपविण्यात आले.' मागची पानं चाळून पाहिली. त्याच्या नावाआधी 'श्री.' मी पहिल्यांदाच लिहिलं होतं.