गोम्बोची एकच वाटी

मी एक जुनी वाटी आहे. बाहेरून लाकडाची, आतून चांदीची. मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकते, मी इथे रडायला आलेले नाही आणि माफी मागायला तर मुळीच नाही. दारूची गोष्ट निघाली की लोक माझ्याकडे बोट दाखवतात. "हिच्यातूनच पीत होता तो!" म्हणतात. दाखवा खुशाल. वाटीला मान नसते, तरी जे पाहिलं ते मी मान ताठ ठेवूनच सांगणार आहे.

अर्खांगाइ मुलखातल्या डोंगरउतारावरच्या एका बर्च झाडाची मी लेक. झाडाला जखम झाली, की तिच्याभोवती लाकूड वेडंवाकडं वाढतं आणि गाठ धरतं. त्या गाठीतून मला कोरलं. मग एका सोनाराने माझ्या पोटात चांदी ठोकून बसवली आणि मला उन्हात धरून म्हणाला, "जा, देवाचं नाव घेणाऱ्या घरी पड." मी पडलेही तशाच घरी. तिथल्या थोरल्या मेंढपाळाने जाताना मला आपल्या मुलाच्या हाती दिलं. त्या मुलाचं नाव गोम्बो.

गोम्बो मेंढरं राखायचा, पण माणसं त्याला ओळखायची ती आशीर्वाद गाणारा म्हणून. लग्न असो, नव्या नमद्याच्या, म्हणजे थापलेल्या लोकरीच्या, घराचा पहिला चहा असो, लेकराचं जावळ असो, गोम्बो आल्याशिवाय कार्याला रंग चढत नसे. तो उठून उभा राहायचा. अंगरख्याच्या छातीवरच्या घडीतून मला काढायचा, निळ्या रेशमी शेल्यावर दोन्ही हातांनी धरायचा, आणि गायला लागायचा. आधी आभाळाचं नाव, मग डोंगराचं, मग घरातल्या चुलीचं. मग संसार कसा करावा, म्हाताऱ्यांना कसं वागवावं, शेजाऱ्याचं वासरू आपल्यात आलं तर काय करावं, सगळं गाण्यातच. हसवता हसवता तो असा एखादा सूर लावायचा की दारापाशी बसलेल्या बाया डोळ्यांना बाही लावायच्या. बोलून सांगितलेलं शहाणपण कानापर्यंत जातं, गाऊन सांगितलेलं छातीत उतरतं. मी तर त्याच्या छातीवरच राहायचे, त्यामुळे मला दोन्हीकडून ऐकू यायचं.

आता आमची एक रीत सांगते, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. पाहुण्याच्या हातात वाटी द्यायची ती काठोकाठ. त्याने दोन घोट घेतले की वाटी परत घ्यायची, पुन्हा काठापर्यंत भरायची आणि पुन्हा द्यायची. वाटीचा तळ पाहुण्याला दिसला, तर त्या घराची शोभा गेली. जुन्या काळी माझ्यात घोडीचं आंबवलेलं दूध असायचं, तेव्हा या रीतीने कुणाचं फारसं बिघडत नव्हतं. मग दुधाच्या जागी बाटलीतली कडक दारू आली. रीत तीच राहिली.

गाणं संपलं, भरा वाटी. काय सूर लावलास, भरा वाटी. अशी वर्षं गेली. पुढे कार्य नसलं तरी वाटी भरू लागली. मग एके दिवशी सकाळी मला पहिल्यांदा कळलं. वारा नव्हता, दार लावलेलं होतं, आणि माझ्यातल्या चहावर बारीक बारीक लाटा उठत होत्या. गोम्बोचा हात कापत होता. त्याने चहा बाजूला ठेवला, दारूचा एक मोठा घोट घेतला, आणि हात थांबला. त्याला वाटलं, औषध सापडलं.

त्याला दारुडा मात्र कुणी म्हणालं नाही. कसं म्हणणार? तो घोड्यावरून कधी पडला नव्हता. आमच्याकडे दारुडा म्हणजे जो घोड्यावरून पडतो तो.

गोम्बोची लेक ओयुन. तिची मुलगी खुलान, म्हणजे या म्हाताऱ्याचा जीव की प्राण. येत्या शरदात खुलानचं जावळ काढायचं होतं. पहिली बट आजोबाने कापायची, आशीर्वादही त्यानेच गायचा, हे ती जन्मली त्या दिवशीच ठरलं होतं. पण त्या वसंतात गोम्बो शिंगराची आयाळ कापायला बसला आणि कात्री घसरली. शिंगराच्या कानातून रक्त आलं. माहेरी आलेली ओयुन तिथेच उभी होती.

"आई," ती नंतर चुलीपाशी हळूच म्हणाली, "खुलानच्या डोक्याशी बाबांना कात्री धरू द्यायची का गं?"

नान्सल, म्हणजे गोम्बोची बायको, उठली. तिने मला उचललं, बाहेर गेली आणि राखेच्या ढिगावर भिरकावून दिलं. माझ्या काठाला पोचा आला, तो अजून आहे. तिचा राग मला समजतो, मित्रांनो. पण मी त्या ढिगावर पडल्या पडल्या ओरडत होते. अगं, मला फेकून त्याचा हात थांबणार आहे का? तो दुसऱ्या वाटीतून पिईल, बुचातून पिईल. माझ्यावर कसला राग काढतेस, त्याला विचार! वाटीचं ओरडणं कोण ऐकतो?

दोन-तीन दिवसांनी मोटारसायकलचा आवाज आला. यान्जमा आली होती, आमच्या वस्त्यांची डॉक्टरीण. खुलानला लस टोचायची होती. ही यान्जमा चार डोंगरांत बदनाम होती. कारण ती प्रत्येकाला दारूचं विचारायची. ताप असो, बाळंतपण असो, पाय मुरगळलेला असो, औषध देता देता हळूच विचारायची, किती पिता? गोम्बोचा व्याही लोचिन तर सगळीकडे सांगत फिरायचा, "दाढ दुखते म्हणून गेलो, तर बाई माझी बाटली मोजते! दाढ राहिली बाजूलाच." लोक हसायचे. ती विचारायचं सोडत नसे.

राखेत तिला मी दिसले. पदराने पुसावं तसं तिने मला बाहीने पुसलं आणि आत आली.

"नान्सलकाकू, गोम्बोकाकांची वाटी बाहेर थंडी खातेय."

"राहू दे तिथंच!"

यान्जमाने नान्सल आणि गोम्बो, दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. लस टोचली, खुलानचं रडणं थांबवलं आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "काका, दारू किती घेता?"

"एक वाटी," गोम्बो म्हणाला. खोटं नाही बोलला तो. देवाच्या चौरंगासमोर बसून सांगितलं त्याने. "कार्यात एक वाटी, घरी एक वाटी. दुसरी हातात धरली असेल तर जीभ झडू दे."

"बरं. मग मला चहा पाजा. तुम्हीही घ्या, याच वाटीत."

नान्सलने कुरकुरत मीठ घातलेला दुधाळ चहा ओतला. गोम्बो घोट घ्यायचा, गप्पा मारायचा. वाटी अर्धी झाली की नान्सलचा हात आपोआप पुढे यायचा आणि मी पुन्हा काठोकाठ. शिंगरांच्या गप्पा झाल्या, गवताच्या झाल्या, लोचिनच्या दाढेच्या झाल्या. मग नान्सलने किटली उचलली आणि ती थबकली.

"संपला की चहा."

"काका, किती वाट्या चहा प्यालात?" यान्जमाने विचारलं.

"एकच की."

"मग किटली काय मी प्याले?"

ओयुनला हसू फुटलं. नान्सलही हसली, आणि हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं. गोम्बो माझ्याकडे बघत राहिला. मी अजून काठोकाठ होते. एवढ्या वर्षांत त्याने माझा तळ पाहिलाच नव्हता, मित्रांनो. त्या तळाला त्याच्या बापाने एक छोटं कमळ कोरून घेतलं होतं, तेही तो विसरला होता.

मग तो भडकला. "म्हणजे मी दारुडा? मी? घोड्यावरून कधी पडलो का मी, विचार कुणालाही!"

"पडला असतात तर मी कशाला विचारलं असतं?" यान्जमाचाही आवाज चढला. "पडलेला माणूस आंधळ्यालाही दिसतो, काका. त्याला उचलायला अख्खी वस्ती धावते, आणि तोवर फार उशीर झालेला असतो. मी उभ्या माणसाला विचारते. म्हणून तर शिव्या खाते!"

गोम्बो बाहेर निघून गेला. घोडे बांधायच्या दोरीपाशी बराच वेळ उभा राहिला. परत आला तेव्हा दारातच थांबला. त्या शिंगराच्या कानावरची खपली त्याने पाहिली असणार.

"जावळापर्यंत हा हात थांबेल का गं पोरी?"

"थांबेल. पण घरी बसून एकदम सोडू नका. शरीराला सवय झाली आहे, झटके येऊ शकतात. चार दिवस दवाखान्यात माझ्या नजरेखाली राहा. गोळ्या देईन, ताकदीची सुई देईन. पुढे मी येत राहीन."

आणि मग चार डोंगरांतला नावाजलेला घोडेस्वार एका बाईच्या मागे मोटारसायकलवर बसून गेला. "हळू चालव, बाई! मेलो तर दारू सोडून काय उपयोग?" असं ओरडत. मी अर्थातच छातीवरच्या घडीत होते.

दवाखान्यात त्याला घाम फुटला, झोप उडाली, तो चिडला. यान्जमाने उपदेश केला नाही. एवढंच विचारलं, "सोडायची कशासाठी, ते तुम्ही सांगा. मी सांगितलं तर ते माझं कारण होईल." तो खाटेवर उठून बसला. मग म्हणाला, "त्या पोरीच्या डोक्याला माझी कात्री लागू नये." त्यानंतर माझ्यातल्या चहावरच्या लाटा दिवसागणिक बारीक होत गेल्या.

इथे गोष्ट संपवली तर गोड होईल. पण मी गोड करणार नाही. उन्हाळ्यातल्या घोड्यांच्या शर्यतींच्या वेळी चार मित्र भेटले, आणि गोम्बो पुन्हा प्याला. चांगलाच प्याला. लाजेने तोंड लपवून पडून राहिला. यान्जमा आली तर नमद्याच्या भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मला काही विचारू नकोस."

"विचारणार. किती घेतली?"

"कधीपर्यंत विचारत राहणार आहेस?"

"तुम्ही उत्तर देत राहाल तोपर्यंत. चला उठा, चहा घ्या. पडलात ते पडलात. शिंगरू पडलं तर आपण त्याला विकून टाकतो का?"

तो उठला.

मग शरद आला. लोचिनच्या घरी जावळाचा थाट. मांसाचं ताट, वाळवलेल्या दह्याच्या वड्यांच्या राशी, डोंगर भरून माणसं. यान्जमाही आली होती. खुलान नवा अंगरखा घालून मधोमध बसली. गोम्बोने मला घडीतून काढलं, आणि लोचिनने कुणी काही म्हणायच्या आत मला दारूने काठोकाठ भरलं.

"घ्या व्याही! तीन वाट्या, मग आशीर्वाद!"

गोम्बोने अनामिका माझ्यात बुडवली. एक थेंब आभाळाला उडवला, एक वाऱ्याला, एक मातीला. बोट कपाळाला टेकवलं आणि मला दोन्ही हातांनी परत केलं.

लोचिनने मला पुन्हा त्याच्याकडे ढकललं.

"भरलेली वाटी परत करतोस? माझ्या घरात?"

"ही पण आपलीच रीत आहे, लोचिन. तुझ्या बाटलीपेक्षा जुनी. वाटी भरलेली परत येतेय, म्हणजे तुझं घर भरलेलं राहो."

"त्या डॉक्टरणीने तुला मेंढरू केलंय! कोरड्या घशाने आशीर्वाद गाणार? सूर लागेल का तुला?"

मित्रांनो, मी त्या वेळी दोघांच्या हातांच्या मधे होते. इकडे लोचिन मला ढकलत होता, तिकडे गोम्बोचे तळवे होते, आणि माझ्यावर बारीकशी लाट उठली होती. एक घोट घेतला असता तर ती थांबली असती. ते त्यालाही ठाऊक होतं, मलाही.

"लोचिन," गोम्बो म्हणाला, "इतकी वर्षं दारू गात नव्हती. मी गात होतो."

त्याने मला लोचिनच्या हातातून काढून घेतलं, ती दारू दाराबाहेर मातीला दिली आणि मला नान्सलपुढे धरलं. नान्सलने दूध ओतलं. तिचे डोळे वाहत होते, पण धार कुठे चुकली नाही. मग त्याने शेला पसरला आणि सूर लावला.

*आभाळा रे निळ्या बापा, छत्र धर माथ्यावरी,*
*माझी बाळी चालू दे रे ताठ मानेने डोंगरी.*
*भरलेल्या वाटीचाही तळ तिला दिसू दे रे,*
*नको तिथे 'नाही' म्हणू, हवे तिथे हसू दे रे.*

पहिल्या ओळीला आवाज चिरला. दुसरीला सावरला. चौथीला दारापाशी बसलेल्या बायांनी डोळ्यांना बाही लावली, आणि लोचिनने दाढ दुखत असल्यासारखा गाल धरून खाली पाहिलं.

ओयुनने शेला बांधलेली कात्री बापाच्या हातात दिली. स्वतः दिली. गोम्बोने खुलानची एक बट दोन बोटांत धरली. कच्चकन आवाज झाला.

"झालं?" खुलान म्हणाली. "मला कळलंच नाही."

गोम्बो बसला. मला उचलून दूध प्याला, शेवटच्या थेंबापर्यंत. सवयीने लोचिनचा हात किटलीकडे गेला, तर गोम्बोने माझ्यावर तळवा झाकला. मग तळवा काढून मला यान्जमापुढे तिरकं धरलं. माझ्या तळाचं कमळ सगळ्या घराला दिसलं.

"ही बघ पोरी. ही एक वाटी. आता मोज."

"मोजली," यान्जमा म्हणाली. मग वळली. "आणि लोचिनकाका, परवा या ना दवाखान्यात, दाढ दाखवायला."

"येतो," लोचिन पुटपुटला, "पण मला माहीत आहे तू काय विचारणार ते."

तर मित्रांनो, माझी एवढीच मागणी आहे, आणि ती मी हात जोडून करत नाही, ठासून करते. वाट्या फोडू नका, माणसांना शिव्या देऊ नका. विचारा. दवाखान्यात कुणी तुम्हाला विचारलं तर खरं सांगा आणि चिडू नका. घरात कुणाच्या चहावर वारा नसताना लाटा दिसल्या, तर त्याने घोड्यावरून पडायची वाट पाहू नका. तो उभा आहे तोवरच विचारा. तो रागावेल, बाहेर जाऊन घोड्यापाशी उभा राहील. राहू दे. दार उघडं ठेवा आणि चुलीवर चहा ठेवा.

मी आजही गोम्बोच्या छातीवर आहे. काठाला पोचा आहे, तो मी कधी काढू देणार नाही. कार्यात कुणी बाटली पुढे केली तर गोम्बो अजून अनामिका बुडवतो आणि मला भरलेली परत करतो. एखादा हसतो. हसू दे बापडा. थोड्याच वेळात गोम्बो उभा राहतो, गायला लागतो, आणि मग त्या हसणाऱ्यालाच डोळे पुसायला बाही शोधावी लागते.