दगडाखालचं हिरवं गवत

"न्यायानं वागणाराच सुखी असतो," बाबा दोन्ही हात पसरून म्हणाले. "बाकीच्यांना झोप तरी लागते का?"

"पुन्हा म्हणा. या वेळी हात जरा कमी," गुरुजी म्हणाले.

अंगणात जव दळत बसलेल्या लिसिल्लाचे कान तिकडेच होते. शेजारची विधवा निकारेते म्हणत होती, सीमेचा दगड सरकलाय आणि तिची तीन ऑलिव्हची झाडं बाबांच्या रानात गेलीत. बाबा म्हणत होते, आजोबांनी रोवला तिथंच दगड आहे. उद्या पंच येणार, म्हणून बाबांना बोलायला शिकवायला हे थियोदोतस गुरुजी काल अथेन्सहून आले होते.

"आणि कुणी बघतच नसेल," गुरुजींनी विचारलं, "तर न्यायानं का वागायचं?"

बाबांनी घसा खाकरला. "देव बघतोच की."

"अडखळलात."

या गुरुजीनंच बाबांच्या डोक्यात काहीबाही भरवलं असणार, असं लिसिल्लाला वाटलं. पण निकारेतेची तक्रार तर महिन्यापूर्वीची. हे आठवलं आणि तिनं जातं थांबवलं.

पाण्याचं निमित्त करून ती रानात गेली. दगडाला नुसता खांदा लावला, तर तो दुधाच्या दातासारखा डुगडुगला. तिरका करून तिनं खाली पाहिलं. चपटं झालेलं गवत, अजून हिरवट. आजोबांच्या काळापासून दगडाखाली गवत हिरवं राहतं होय?

घरी येऊन तिनं त्यातलं मूठभर गवत बाबांच्या भाकरीशेजारी ठेवलं. "दगडाखाली होतं."

गुरुजी हसले. "पंचांपुढे हिलाच उभं करा." मग आवाज उतरवून म्हणाले, "गवत काय, पंच यायच्या आत उपटता येतं."

बाबांनी भाकरी बाजूला सारली. मग उठून त्यांनी कोपऱ्यातली पहार उचलली.

"कुठं निघालात, बाबा?"

"दगड जागेवर न्यायला."

"कुठल्या जागेवर?"

बाबा चालू लागले. लिसिल्लाचा काही विश्वास बसेना. ती मागोमाग निघाली आणि वाटेत तिनं निकारेतेचं दार वाजवलं.

"मावशी, बाबा दगड हलवायला चाललेत. बघायला या."

बाबा वाटेतच थांबले. वळून पाहिलं नाही, पण म्हणाले, "तिला म्हणावं, पहार असेल तर आण. तो एकट्याला फार जड जातो."

हे यांना कसं ठाऊक, ते लिसिल्लानं विचारलं नाही. निकारेतेला सोबत घेऊन, तिची पहार खांद्यावर टाकून ती बाबांच्या पुढं चालू लागली.