एका दिव्याची गाडी

सरावाच्या दुसऱ्या फेरीत भूपेंद्रला आरशात दिवा दिसला.

धुळे आणि शिंदखेड्याच्या मधल्या माळावर दर एप्रिलात ही शर्यत होते. गाड्या साध्याच, कधीकाळी कुणाच्या तरी दारात उभ्या राहिलेल्या. आतल्या सीटा काढायच्या, पोलादी नळ्यांचा पिंजरा जोडायचा, दारं वेल्डिंगनं बंद करायची, आणि काळ्या मातीच्या लांबट गोल रिंगणात एकमेकांना घासत पळवायच्या. टँकरनं कितीही पाणी मारलं तरी दोन फेऱ्यांत माती सुकते. मग पुढच्याला रस्ता दिसतो आणि मागच्यांना फक्त धूळ.

म्हणून इथल्या ड्रायव्हरांचा एक नियम होता, कुठंही न लिहिलेला. मागच्यानं दोनदा दिवा मारला की तो आतल्या बाजूनं घुसतोय असं समजायचं आणि पुढच्यानं वळणाची बाहेरची बाजू धरायची. धुळीत मागचा आंधळा असतो. जागा दिली नाही तर दोघंही जातात.

यंदा मात्र दिवे बंद होते. फुटलेल्या काचांनी टायर फाटतात म्हणून आयोजकांनी सगळ्या गाड्यांच्या दिव्यांवर चिकटपट्टी मारायला लावली होती. तरीही तिसऱ्या वळणावर, धुळीच्या भिंतीत, भूपेंद्रच्या मागं एक पिवळा दिवा डुलत होता. एकच, डावीकडचा.

भूपेंद्र जळगावचा. गाड्या पळवणं हाच त्याचा धंदा, त्यामुळं दिसलं ते तपासून बघायची सवय हाडात भिनलेली. आधी त्याला ऊन वाटलं. पण सकाळी ऊन समोरून होतं आणि दुपारी पाठीमागून, दिवा मात्र दोन्ही वेळा त्याच जागी. त्यानं आरसा तिरका केला. प्रतिबिंब असतं तर उडी मारून सरकलं असतं. दिवा चाकोऱ्यांवरून येणाऱ्या गाडीसारखा खालीवर होत होता आणि जवळ येताना मोठा होत होता.

खड्ड्यात, म्हणजे गाड्या दुरुस्त करायच्या मांडवात, आल्यावर त्यानं त्याचा मेकॅनिक उखर्डू याला सगळ्या गाड्या बघून यायला सांगितलं. उखर्डू परतला तो हात पुसतच. एकाही गाडीचा दिवा उघडा नव्हता.

"बठ्ठा दिवासवर पट्टी शे, भाऊ. अन तुना मांगे कोणीच नव्हतं."

एका दिव्याची गाडी या रिंगणात एकच होती, आणि ती गेल्या वर्षी भंगारात गेली. धुळ्याच्या नईमची. इंजिनला थेट हवा मिळावी म्हणून त्यानं उजवा दिवा काढून त्या भोकातून नळी आत घेतली होती. वजन वाचवायला मागचा बंपरही उतरवला होता. हातमोजे तो घालत नसे. स्टिअरिंग तळहाताशी बोलतं, म्हणायचा. शर्यत संपली की त्याचे तळहात काळे असायचे आणि भूपेंद्रच्या पाठीवर त्याचा पंजा उमटायचा. "दुसरा आलास, भाऊ," एवढंच म्हणायचा. वर्षानुवर्षं.

मधल्या काळात भूपेंद्रचं कोइमतूरच्या एका संघात नाव लागलं, गिअरबॉक्सनं दगा दिला, नाव निघालं. नंतर खांदा मोडला. पण या सगळ्यापेक्षा त्याला सलायचं ते हेच, की नईमच्या पुढं राहून त्यानं शर्यत कधीच संपवली नव्हती. गेल्या वर्षी शेवटच्या फेरीत तो पुढं होता. तिसऱ्या वळणावर नईमनं दोनदा दिवा मारला, भूपेंद्रनं रीतसर जागा दिली, आणि शेजारी येता येता नईमच्या गाडीचा अ‍ॅक्सल तुटला. गाडी उलटत गेली. चित्रीकरणात सगळं स्वच्छ दिसलं, बोट दाखवायला जागा नव्हती. शर्यत रद्द झाली. नईमची मान मोडली. तो वाचला, पण हातापायांतलं सगळं गेलं. बोटं मिटली ती मिटलीच.

यंदा पुण्याच्या एका संघाचे व्यवस्थापक आले होते. अंतिम शर्यत जिंकणाऱ्याला त्यांच्या संघात जागा. अट एकच होती: संघाचा ड्रायव्हर दुसरीकडे कुठंही पळणार नाही. भूपेंद्र छत्तीस वर्षांचा होता. अशी जागा पुन्हा समोर येणार नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

अंतिम शर्यतीआधी तो मांडवाच्या सावलीत गेला. नईमला त्याची बहीण मेहरुन चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली होती.

"तिसऱ्या वळणावर पाय लवकर उचलतोस," नईम म्हणाला. सलाम नाही, दुआ नाही. "आणि दुसऱ्या गिअरला खडखड आहे. उखर्डूला सांग."

खडखड सकाळपासून होती आणि भूपेंद्रनं ती अजून कुणालाच सांगितली नव्हती. तिसरं वळण तर मातीच्या ढिगाऱ्याआड, बाभळींच्या पलीकडं होतं. मांडवातून ते दिसतच नाही.

मेहरुननं खाली बघत सांगितलं, की गाड्या सुटल्या की याचे हात तापतात. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले नसांचं काहीतरी असेल. कालपासून तापताहेत.

"तू जागा मागतोस का माझ्याकडं?" भूपेंद्रनं विचारलं.

नईम हसला. "मी कधी मागितली? मी दिवा मारतो. द्यायची की नाही, ते पुढच्याचं."

शर्यत सुटली. चौथ्या फेरीपर्यंत भूपेंद्र पुढं आला. त्याच्या मागं नाशिकचा पियुष होता, पहिल्याच वर्षी आलेला, धीट पोरगा. शेवटच्या फेरीत बाभळी आल्या, ढिगारा आला आणि मांडव दिसेनासा झाला. इंजिनचा आवाज जणू कुणी कापडात गुंडाळला. आरशात दिवा पेटला होता. वाढत वाढत तो इतका जवळ आला, की गाडीच्या आतल्या नळ्या पिवळ्या दिसू लागल्या.

दिवा एकदा विझून पेटला. मग पुन्हा एकदा.

भूपेंद्रला पक्कं ठाऊक होतं, की आत कुणी नाही. हेही ठाऊक होतं, की बाहेर सरकलं तर ती फट पियुषला मिळेल आणि पुणे हातचं जाईल. पण हात इतक्या वर्षांचे शिकलेले होते. त्याला वाटलं, की ही जागा दाबून जिंकलो तर जिंकलो कुणाशी? त्यानं स्टिअरिंग सैल सोडलं आणि गाडी बाहेर जाऊ दिली.

डाव्या खिडकीच्या जाळीतून गरम हवेचा झोत आला, शेजारून गाडी जाताना येतो तसा. आवाज नव्हता. समोरच्या स्वच्छ मातीवर, जिथं या फेरीत अजून कुणीच गेलं नव्हतं, एकाएकी धूळ उठली. पुढं आल्यापासून पहिल्यांदाच भूपेंद्रला समोरचं दिसेना. तसाच, आंधळ्यासारखा, त्यानं सरळ रस्ता गाठला. काळ्या-पांढऱ्या चौकडीचं निशाण हललं.

लाऊडस्पीकरवर त्याचं नाव आलं. पहिला. वेळ मोजणाऱ्या यंत्रातही तोच पहिला. लोकांनी त्याला गाडीतून ओढून काढलं, उखर्डू रडत होता.

गर्दीतून पियुष आला. "भूपेंद्रभाऊ, तुम्ही आतली बाजू सोडलीत ना? मी घुसलो होतो. पण आत आधीच गाडी होती. ठोकणार म्हणून ब्रेक मारला."

"कुठली गाडी?"

"धुळीत काय कळतं? मागचा बंपर नव्हता तिला." त्यानं आजूबाजूच्या गाड्यांकडं बघितलं. "पण सगळ्यांना तर बंपर आहेत."

व्यवस्थापक कागद घेऊन आले. त्यांनी हात मिळवला, म्हणाले, की आमच्याकडं सगळी डांबराची रिंगणं, ही धुळीची कटकट कायमची संपली. भूपेंद्रनं पेन हातात घेतलं आणि तसाच मांडवाकडं चालत गेला. व्यवस्थापकही मागोमाग निघाले.

नईमचं तोंड घामानं भिजलं होतं. मेहरुन त्याच्या कपाळाला ओला रुमाल लावत होती. मिटलेल्या मुठी मांडीवर होत्या, जशा सकाळी होत्या. भूपेंद्र गुडघ्यावर बसला आणि त्यानं एका मुठीची बोटं एकेक करून उघडली. तळहात भट्टीजवळच्या लोखंडासारखा तापला होता. त्यावरून आडवी, स्टिअरिंगच्या जाडीएवढी, घामानं थापलेली काळी माती होती.

मेहरुननं ती माती बघितली. मग बोटं बघितली. सकाळी तिनंच ते हात स्वच्छ पुसले होते.

"दुसरा आलास, भाऊ," नईम हळूच म्हणाला.

भूपेंद्रनं पाण्याचा जार ओढला, तांब्याभर पाणी त्या हातावर सोडलं आणि काळं पाणी खाली जमिनीत मुरेपर्यंत बघत राहिला. मग उठून त्यानं पेन व्यवस्थापकांना परत दिलं.

"पुढच्या एप्रिलात मला इथं पळायचंय," तो म्हणाला.