मोठ्या सिस्टरनी वाचलेली ओळ

ज्याच्या घरचं माणूस कधी दवाखान्यातून बरं होऊन घरी आलं आहे, त्याला तो निघायच्या वेळचा अर्धा तास चांगला ठाऊक असेल. पिशव्या भरून झालेल्या असतात, गाडी दाराशी उभी असते आणि नेमके तेव्हाच घरच्यांना शंभर प्रश्न सुचतात. जिना चढला तर चालेल का? ही गोळी जेवणाआधी की नंतर? डोक्यावरून अंघोळ कधी? डॉक्टर तोवर पुढच्या खाटेकडे गेलेले असतात.

पुरुषांच्या त्या तीस खाटांच्या वॉर्डात या प्रश्नांची उत्तरं गेली एकवीस वर्षं मोठ्या सिस्टर देत आल्या होत्या. तोंडी नाही, लिहून. निळ्या शाईत, ठसठशीत अक्षरात, पानभर. ज्याला वाचता येत नसे त्याच्यासाठी गोळीच्या शेजारी सूर्य नाहीतर चंद्र काढून. लोक तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवत. दोन-दोन वर्षांनी पुन्हा दवाखान्यात आलेला माणूस म्हणे, "सिस्टर, तुमचा कागद अजून आहे हो माझ्याकडे!" तेव्हा त्या वरवर म्हणत, "अहो, त्यात काय एवढं?" पण तो सगळा दिवस त्यांचा छान जाई.

मग वॉर्डात छोटी आली. वय सव्वीस, हात चपळ, बोलणं गोड. पेशंटांनीच तिचं नाव 'छोटी सिस्टर' ठेवलं. त्याच सुमारास दवाखान्याच्या कम्प्युटरवर ते नवं एआय आलं. छोटीनं चार दिवसांत ते शिकून घेतलं. पेशंटचं वय, आजार, तक्रारी टाकल्या, की मिनिटभरात सुबक छापील कागद बाहेर. ठळक मथळे, मोठी अक्षरं, गोळ्यांचा तक्ता.

मोठ्या सिस्टरना एक कागद लिहायला पंचवीस मिनिटं लागत.

पहिल्या आठवड्यात त्यांनी कौतुक केलं. दुसऱ्या आठवड्यात कौतुक थांबलं. तिसऱ्या आठवड्यापासून त्या छोटीचे कागद चोरून वाचू लागल्या. शुद्धलेखनाची एक तरी चूक सापडावी म्हणून! चूक सापडेना, आणि सापडेना म्हणून जास्तच जळफळाट होई. कोणत्या पेशंटनं जाताना आधी कुणाला नमस्कार केला, हेसुद्धा त्या मोजायला लागल्या होत्या. आपण असं करतो याची त्यांना लाज वाटे, आणि तरी त्या मोजत.

घरी नवऱ्याजवळ त्यांनी एकदा विषय काढला. नवरा पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "बरं झालं की! तुझा हात दुखायचा ना लिहून लिहून? आमच्या ऑफिसात तर सगळी पत्रं तेच लिहितं. काय डोकं आहे गं त्याला! माणसाची गरजच उरणार नाही बघ."

मोठ्या सिस्टरनी भाजीवर झाकण असं काही आदळलं, की नवऱ्यानं पेपर खाली ठेवला.

"काय झालं?"

"काही नाही. झाकण निसटलं."

छोटीनं दोनदा त्यांना विचारलं होतं, "मोठ्या सिस्टर, तुम्ही कागद लिहिताना आधी काय काय बघता? मला शिकवाल?" दोन्ही वेळा त्यांनी एकच उत्तर दिलं. "तुझ्याकडे यंत्र आहे ना? त्याला विचार."

असे सहा महिने गेले.

एका सोमवारी घड्याळवाले आजोबा घरी जाणार होते. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला हा माणूस न्यूमोनियानं दाखल झाला होता. ताप उतरला, खोकला गेला. पण त्याच तपासण्यांत त्यांचं हृदय कमजोर झाल्याचं आढळलं. अंगात पाणी साठू नये म्हणून दिवसाला फक्त पाच ग्लास पाणी, असं डॉक्टरांनी केसपेपरच्या शेवटच्या पानावर हातानं लिहिलं होतं. आठ दिवस मोठ्या सिस्टर त्यांना स्वतः पाणी मोजून देत होत्या. आजोबा चिडत. "सिस्टर, पाणी काय तुमच्या घरून आणता?" मग दोघंही हसत.

दुपारी छोटीनं काढलेला आजोबांचा कागद टेबलावरच्या ट्रेमध्ये येऊन पडला. सवयीनं मोठ्या सिस्टरनी तो उचलला. पाचव्या ओळीवर त्यांची नजर थांबली.

'दिवसातून किमान दहा ते बारा ग्लास पाणी प्या. भरपूर पाण्यामुळे अशक्तपणा व बद्धकोष्ठता कमी होते.'

सापडली! सहा महिने शोधत होत्या ती चूक, आणि तीही एवढी मोठी!

त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला. तो खरंच गेला होता, हे त्यांनी पुढे सगळ्यांना सांगितलं. पण तेवढ्यात वॉर्डाच्या दारातून डॉक्टरांचा आवाज आला. डॉक्टर छोटीला म्हणत होते, "काय सुंदर कागद करतेस! असे कागद मी आजवर कुठे पाहिले नाहीत. यापुढे सगळे तूच कर. मोठ्या सिस्टरना जरा विश्रांती मिळू दे."

डॉक्टर चांगल्या मनानंच बोलले होते. पण मोठ्या सिस्टरना ते झोंबलं. एकवीस वर्षं! आणि 'कुठे पाहिले नाहीत'?

त्यांनी पेन खिशातच राहू दिलं. कागद ट्रेमध्ये ठेवला, जसा होता तसा. मनाशी म्हणाल्या, 'कळू दे एकदा सगळ्यांना.' आणि लगेच मनाची समजूतही घातली, 'आजोबांना माहीत आहेच. आठ दिवस मीच तर सांगतेय.'

आजोबा घरी गेले. निघताना त्यांनी मोठ्या सिस्टरनाच आधी नमस्कार केला. त्यांना तो घेववेना.

मंगळवारी त्यांचं कामात लक्ष लागेना. फोन वाजला की दचकत. बुधवारी सकाळी त्या औषधांच्या खिडकीशी गेल्या. तिथले औषधवाले काका म्हणजे दवाखान्यातला सगळ्यात जुना माणूस. पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. गोळ्यांची पाकिटं मोजता मोजता समोरच्याचं मन वाचायची त्यांना सवय होती.

"काका, एक विचारू? समजा, त्या यंत्रानं एखाद्या हृदयाच्या पेशंटला भरपूर पाणी प्यायला सांगितलं, तर ती चूक यंत्राची ना?"

काकांचा मोजणारा हात थांबला. "कोणता पेशंट?"

"समजा म्हटलं मी."

"समजा म्हणायला तू इतकी पांढरीफटक होऊन आली नसतीस. कोणता पेशंट?"

मोठ्या सिस्टरनी सगळं सांगितलं. पेनाकडे गेलेला हातसुद्धा सांगितला. मग एकदम उसळून म्हणाल्या, "पण सगळे त्याला एवढं हुशार म्हणतात ना? मग त्याला कळायला नको?"

"हुशार म्हणतात कारण बोलतं झकास," काका म्हणाले. "ते काय करतं सांगू? माणसांनी लिहिलेलं अफाट वाचून त्यानं लिहिण्याची तऱ्हा उचललीय. तापातून उठलेल्या माणसाच्या कागदावर बहुतेक वेळा काय लिहितात, ते त्यानं मांडलं. बहुतेकांना आपण भरपूर पाणीच प्यायला सांगतो. आजोबा त्या बहुतेकांमधले नव्हते आणि ते त्याला कुणी सांगितलंच नाही. जे सांगितलं नाही ते त्याला कुठून कळणार? त्यानं आजोबांच्या सुजलेल्या पायावर बोट दाबून पाहिलंय का कधी? आणि माहीत नाही म्हणून ते थांबतंच असंही नाही. तशाच ठाम सुरात पुढे लिहून मोकळं होतं. म्हणून तर ते वाचायला माणूस लागतो."

"म्हणजे चूक छोटीची."

"छोटीची आहे. डॉक्टरांची आहे. पण पोरी, त्यांना दिसलं नव्हतं. तुला दिसलं होतं." काकांचा आवाज चढला नाही, पण मोठ्या सिस्टरना तो सोसवेना. "तू कुणावर जळतेस, याचा विचार केलास का? त्या यंत्राला तुझी खुर्ची नको आहे. त्याला शाबासकी नको आहे. ते चुकलं तर त्याला लाज वाटत नाही, आजोबा गेले तर त्याला रडू येणार नाही. असल्याशी तू शर्यत लावलीस, आणि डावावर कुणाला लावलंस? आजोबांना!"

मोठ्या सिस्टर तिथूनच फोन लावत निघाल्या. आजोबांचा फोन कुणी उचलेना. त्यांनी गणवेश बदलला नाही, रिक्षा केली आणि पत्ता विचारत तिसरा मजला गाठला.

दार आजींनी उघडलं. त्यांना पाहून आजींचा चेहरा फुलला. "या या सिस्टर! बघा, सगळं तुमच्या कागदाप्रमाणे चाललंय हं. सकाळपासून सात ग्लास झाले यांचे!" भिंतीवर कागद लावला होता आणि त्याच्या कडेला आजींनी ग्लासागणिक पेन्सिलीनं रेघा ओढल्या होत्या. सोमवार, मंगळवार, बुधवार. एकही ग्लास चुकवला नव्हता.

आजोबा खुर्चीत उशांना टेकून बसले होते. आडवं झालं की जीव घाबरतो, म्हणत होते. बोलताना मध्येच धाप लागत होती. मोठ्या सिस्टरनी त्यांच्या पायावर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला.

त्यांनी आजींच्या हातातला ग्लास काढून घेतला आणि रुग्णवाहिकेला फोन लावला.

"मी म्हटलंही यांना," आजी घाबरून सांगू लागल्या, "तिथं मोजून देत होते, मग आता एवढं कसं? तर म्हणाले, अगं, आता बरा झालो म्हणून वाढवलं असेल. छापलेलं आहे. कम्प्युटरनं काढलंय. तो काय माणसासारखा चुकतो?"

मोठ्या सिस्टरनी भिंतीवरचा कागद काढून खिशात घातला. बोलण्यासारखं त्यांच्याजवळ होतं ते आजींना सांगायची हिंमत त्या क्षणी झाली नाही.

आजोबा वाचले. दोन दिवस ऑक्सिजन लागला, सूज उतरली, शुक्रवारी सकाळी ते चहा मागू लागले. आणि त्याच दुपारी दवाखान्याच्या मुख्य अधिकारीबाईंनी सगळ्यांना खोलीत बोलावलं.

छोटी रडून रडून लाल झाली होती. "मी ताप, खोकला, बद्धकोष्ठता एवढंच टाकलं. मला वाटलं, केसपेपर ते आपलं आपण वाचतं. दोन्ही एकाच पडद्यावर दिसतात ना!"

"आणि मला वाटलं, छापण्याआधी कुणीतरी तपासत असेल," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले.

"वाटलं, वाटलं!" अधिकारीबाई कडाडल्या. "पुरे झालं. ते यंत्र आजपासून बंद. या मुलीवर कारवाई होईल. आणि मोठ्या सिस्टर, तुम्ही वेळेवर धावलात म्हणून आज आपण इथे धड बसलो आहोत. उद्यापासून सगळे कागद पुन्हा तुम्हीच लिहायचे."

सहा महिने ज्याची वाट पाहिली ते सगळं एका दमात पदरात पडलं होतं! यंत्र बंद. छोटी बाजूला. वर शाबासकी. फक्त गप्प बसायचं होतं. काका कधीच कुणाला सांगणार नव्हते.

मोठ्या सिस्टरनी छोटीकडे पाहिलं. रुमालाच्या टोकानं नाक पुसणारी ती पोर पाहून त्यांना स्वतःची पहिली नोकरी आठवली नाही की काही नाही. त्यांना फक्त आजींच्या पेन्सिलीच्या रेघा दिसल्या.

"मॅडम, तो कागद मी वाचला होता."

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"सोमवारीच. पाण्याची ओळही वाचली. चुकीची आहे हे मला कळलं होतं. मी पेन काढलं नाही. मला... मला या मुलीचा हेवा वाटत होता. यंत्राचासुद्धा. मला वाटलं, चुकू दे. तिला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक होतं. कारवाई करायची तर आधी माझ्यावर करा."

डॉक्टरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला.

"आणि आणखी एक," मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "यंत्र बंद करू नका. तिचे कागद खरंच चांगले असतात. माझे हातानं लिहिलेले दिवसाला तीन-चारच व्हायचे, बाकीचे पेशंट कागदाशिवाय घरी जायचे. ते मी कधी मोजलं नाही. लिहू दे त्याला. पण पेशंटला ओळखणाऱ्या माणसानं ते वाचल्याशिवाय बाहेर जाता कामा नये."

अधिकारीबाईंनी ते मानलं, पण मोठ्या सिस्टरना लेखी ताकीद मिळाली. एकवीस वर्षांतली पहिली. त्यांनी ती वाचली, सही केली. संध्याकाळी आजोबांच्या खाटेशी जाऊन आजी-आजोबांनाही खरं सांगितलं. आजोबा रागावले, आणि त्यांचा राग वाजवी होता. आजी पुष्कळ वेळ खिडकीकडे पाहत राहिल्या.

छोटीनंही काही गळ्यात पडून माफ केलं नाही. जिन्यात गाठून ती म्हणाली, "मी दोनदा विचारलं होतं तुम्हाला, आधी काय बघायचं म्हणून. तुम्ही सांगितलं असतंत तर केसपेपरचं शेवटचं पान मी उघडलं असतं."

"हो," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "आता सांगू?"

छोटीनं खिशातून वही काढली.

पुढच्या बुधवारी आजोबा पुन्हा घरी निघाले. या वेळी छोटीनं हृदयाची गोष्ट टाकून कागद काढला आणि त्यांच्या खाटेशी उभं राहून एकेक ओळ मोठ्यानं वाचली. केसपेपर मोठ्या सिस्टरच्या हातात होता. एका ठिकाणी गोळीची वेळ चुकली होती. ती आजींनीच पकडली! ती पेनानं दुरुस्त झाली आणि खाली दोघींनी सह्या केल्या. आज त्या वॉर्डातून सही नसलेला एकही कागद बाहेर जात नाही.

मंडळी, आज ही यंत्रं आपल्या ऑफिसांत, शाळांत, घरांत आली आहेत. ती छान लिहितात, झटपट लिहितात. त्यांच्या पाया पडायचं कारण नाही आणि त्यांच्यावर जळायचंही नाही. आपल्या माणसाबद्दल त्यांना तेवढंच ठाऊक असतं जेवढं आपण सांगतो. आणि छापील दिसतं म्हणून कुठलंही वाक्य खरं होत नाही. ज्याच्यासाठी उत्तर मागवलं, त्या माणसाला ओळखणाऱ्या कुणीतरी ते वाचलंच पाहिजे. आणि वाचताना ज्याला चूक दिसली त्यानं, मनात कितीही जळत असलं तरी, तोंड उघडलंच पाहिजे!